पळालेल्या नवऱ्यांचं वॉरंट

राजुरा ठाण्यात नेमणूक होती तेव्हा माझ्या वाट्याला चोर-दरोडेखोर फारसे आले नाहीत. माझ्या वाट्याला आले ते पळालेले नवरे. जुगाराच्या अड्ड्यावर धाड घालणाऱ्या सोबत्यांची नावं पेपरात छापून यायची. माझं काम काय ते सांगितलं तर घरची माणसंसुद्धा तोंडाला पदर लावायची.

मी मूळचा सिरोंच्याचा. घरात तेलुगू, शाळेत मराठी. ठाणेदारांना हे कळलं त्याच दिवशी त्यांनी समन्स-वॉरंटचं काम माझ्या गळ्यात घातलं. कारण साधं होतं. राजुरा तालुक्यातला माणूस घर सोडून पळाला की तो बहुतेक दक्षिणेलाच पळायचा. तिकडं आंध्र लागतो, कोळशाच्या खाणी लागतात, पगार नेमानं होतो, आणि बोली बदलल्यामुळं गावचं माणूस सहसा समोर येत नाही.

ज्यांना कोर्टाची पायरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्यानं टाकलेली बाई, सांभाळ नसलेली लेकरं, म्हातारे आईबाप, यांना पोटगी मागता येते. फौजदारी कायद्याच्या एकशे पंचविसाव्या कलमाखाली हा दावा चालायचा, म्हणून आमच्या भागात त्याला ‘सव्वाशेची केस’ म्हणत. कायदा लिहिणारा भला माणूस असावा. बाईनं नवऱ्याच्या मागं हिंडू नये, ती राहते तिथल्याच कोर्टात तिनं अर्ज करावा, अशी सोय त्यानं केली होती. हुकूम झाला की नवरा देशात कुठंही असो, तिथला मॅजिस्ट्रेट तो हुकूम बजावू शकतो. पैसे दिले नाहीत तर वॉरंट, आणि वॉरंटावरही दिले नाहीत तर जेल.

कागदावर ही गोष्ट इतकी सरळ आहे. प्रत्यक्षात आमचं वॉरंट टपालानं पलीकडच्या राज्यातल्या ठाण्यात जायचं. ते मराठीत. तिथं मराठी वाचणारा कोणी नाही. काही महिन्यांनी ते परत यायचं आणि मागच्या बाजूला तेलुगूत एक ओळ असायची. ती वाचून दाखवायला मला कोर्टात बोलवत. ओळ बहुधा एकच असे : या नावाचा माणूस या गावात राहत नाही. समोर बाई उभी असायची. साहेब मराठीत तिला तेच पुन्हा सांगायचे, आणि ती मान हलवून पुढची तारीख घेऊन जायची.

एकदा चंद्रपूरच्या एका वकीलसाहेबांना मी विचारलं होतं, की नवरा देशाबाहेरच गेला तर? ते म्हणाले, “ज्या देशाशी आपल्या सरकारचा तसा ठराव आहे तिथंच आपला हुकूम चालतो. तो कागद दिल्लीमार्गे जातो. ठराव नसेल तर बाईनं आकाशाकडं बघायचं.” मी म्हणालो, “साहेब, आमच्या बाया सीमेवरच्या विरूर स्टेशनाकडं बघूनच थकल्या.”

सगळेच नवरे पळपुटे नव्हते. एकानं पोटगीच्या बदल्यात म्हैस आणून कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाला बांधली. ती दूध देत होती, त्यामुळं आपण हुकमापेक्षा जास्तच देतो आहोत असं त्याचं म्हणणं होतं. बायको मान्य करायला तयार होती, पण कोर्टाला म्हैस जमा करून घेता येईना. दुसऱ्या एकाला मी वॉरंटात धरलं तर तो खुशीत पुढं चालायला लागला. म्हणाला, “चाल ना भाऊ, तिथी सकाळ-संध्याकाळ भात तरी भेटते.” त्याची बायको मागून चालत होती. ती हसली नाही. भात त्याला मिळणार होता, तिच्या घरी नाही.

या सगळ्यांत मला आजही आठवते ती पारबता.

पारबता राजुऱ्यापासून दोनेक कोसांवरच्या एका खेड्यातली. तीस-बत्तीस वर्षांची, उंच, बोलण्यात मोजकी. कापूस वेचायला, धान रोवायला, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायची. पदरी सुनंदा नावाची मुलगी होती. नवरा शामराव खाणीत कामाला म्हणून पलीकडं गेला. आधी सणावाराला यायचा, नंतर नुसता निरोप यायचा, मग तोही बंद झाला. एका होळीला तो गावी आला असताना कोर्टाचं समन्स मीच त्याच्या हातात दिलं होतं. त्यानं मुकाट्यानं अंगठा केला आणि दुसऱ्या दिवशी गायब झाला. तो तारखांना आला नाही म्हणून कोर्टानं त्याच्या गैरहजेरीत हुकूम दिला. त्यानंतर सुरू झाला तो परत येणाऱ्या वॉरंटांचा खेळ.

तारखेला पारबता एकटी कधी यायची नाही. सोबत तिचा सासरा असायचा. त्याचं नाव कवडू. आधीची लेकरं जगत नाहीत म्हणून नंतरच्या पोराला सुईणीकडून कवडी देऊन विकत घ्यायचं आणि त्याचं नाव कवडू ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. म्हातारा डोळ्यांनी अधू होत चालला होता, पण ताठ. ठाण्यात शिरताना मोठ्यानं “जय भीम, जमादार” म्हणायचा आणि भिंतीशी उकिडवा बसायचा. पारबता डब्यातली भाकर आधी त्याच्यापुढं करायची. तो पोराला शिव्या घालायचा. “असा पोरगा असन्यापेक्षा नसलेला बरा,” म्हणायचा. सून ऐकून घ्यायची.

मी एकदा तिला विचारलं, “बाई, म्हाताऱ्याचं राहणं तुझ्याकडंच का?”

“मंग कोनाकडं? सासू गेली तवा मामाजीनं दुसरी केली नाई. पोराले एकट्यानं वाढवलं. आता तो नाई त मी हाये.”

शामरावचा पत्ता लागला तो युसुफभाईमुळं. युसुफभाई राजुऱ्याचा कल्हईवाला. भाता आणि नवसागर सायकलला बांधून तो सीमेच्या दोन्ही बाजूंचे बाजार करायचा. एक दिवस तो ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, “जमादार, तुमचा शामराव मी बघितला. माझ्यापुढं पातेलं घेऊन उभा होता. मी नावानं हाक मारली तर वळला, आणि मग म्हणाला, मी तो नाही. तिथं त्याला सगळे राजय्या म्हणून राहिले.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं पलीकडचे पोलीस खोटं लिहीत नव्हते. शामराव नावाचा माणूस तिथं खरोखरच राहत नव्हता.

खाणीत ही गोष्ट नवी नव्हती. एखाद्याला नोकरी लागायची, पण जमिनीखालच्या अंधाराची धास्ती बसून तो निघून जायचा. मग त्याच्या नावावर दुसराच कोणी काम करायचा. हजेरीत नाव एकाचं, आणि खाली उतरणारे पाय दुसऱ्याचे. हे उघडं पडलं तर नोकरी जाते, राहायची खोली जाते, म्हणून सगळे गप्प असत.

ठाणेदारांनी मला वॉरंट घेऊन स्वतः जायला सांगितलं. ओळख पटवायला पारबता आणि तिचा सासरा बरोबर. सुनंदाला शेजारी ठेवून आम्ही बल्लारशाहून पॅसेंजरनं निघालो. विरूर मागं पडलं आणि काही वेळानं स्टेशनच्या पाट्यांवरची अक्षरं गोल गोल व्हायला लागली. पारबता खिडकीशी बसून त्यांच्याकडं बघत होती. तिला मराठी अक्षरंही येत नव्हती, तरी म्हणाली, “भाऊ, हे आपलं नाई ना?”

“नाही. इथून आंध्र.”

“रान त तसंच हाये,” ती म्हणाली.

खाणीच्या गावी पोचल्यावर तिथल्या ठाण्याच्या इन्स्पेक्टरला भेटलो. बाहेरचं वॉरंट बजावायचं तर त्यावर स्थानिक शेरा लागतो. माणूस चांगला होता. त्यानं शेरा दिला, शिपाई दिला, आणि तेलुगूत मला म्हणाला, “धरायला सोपा आहे. पण तोच आहे हे ठरवणार कोण? इथं अर्धी खाण उसन्या नावावर चालते.”

पाळी सुटायच्या वेळी आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. खाणीतून माणसं वर आली. सगळी एकसारखी काळी, फक्त डोळे आणि दात तेवढे दिसत होते. मी शामरावला एकदा पाहिलं होतं, पण त्या घोळक्यात मला तो वेगळा काढता आला नसता. पारबता बाकावरून उठली.

“तो आला. त्या दोघाइच्या मांगं.”

“चेहरा तरी दिसतो का?”

“चेहरा कायले पाह्यजे? चालते कसा ते पाहा ना.”

म्हातारा कवडूही उठला. तो हात कपाळावर धरून बघत राहिला. त्याला दिसलं की नाही, मला कळलं नाही.

मी पुढं होऊन त्या माणसाला थांबवलं. तो तेलुगूत म्हणाला, मी राजय्या, लिंगय्याचा मुलगा. खिशातून खाणीचं ओळखपत्र काढलं. त्याचं तेलुगू चांगलं होतं, पण हेल झाडीपट्टीचा होता. वाक्याच्या शेवटी आवाज आमच्याकडच्यासारखा वर जायचा. मी मराठीत म्हणालो, “शामराव, तुझा बाप आलाय.” त्याचा हात ओळखपत्रावर घट्ट झाला. उत्तर मात्र त्यानं तेलुगूतच दिलं. ही बाई कोण, मला माहीत नाही.

खरं सांगतो, त्या घटकेला मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. कित्येक वर्षं परत येणाऱ्या कागदामागचा माणूस अखेर माझ्यासमोर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं होतं. आम्ही कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसलो होतो. थोड्या वेळानं एक बाई आली. बारीक, सावळी, कडेवर तान्हं मूल, मागं चार-पाच वर्षांचा मुलगा. ती त्या माणसाची तिथली बायको, लक्ष्मम्मा. ज्या राजय्याचं नाव त्यानं लावलं होतं तो तिचा भाऊ. भाऊ खाण सोडून परागंदा झाला होता, त्याच्या नावाची नोकरी घरात टिकावी म्हणून याला त्या नावावर खाणीत उतरवलं, आणि मग हाच घरधनी झाला. हे सगळं तिनं मला तेलुगूत सांगितलं. तेलुगू बोलणारा पोलीस दिसल्यावर तिला वाटलं असावं, हा आपला आहे. पारबताकडं तिनं मान वर करून पाहिलं नाही.

मोठा मुलगा खेळत खेळत म्हाताऱ्याजवळ गेला आणि त्याच्या काठीशी चाळा करू लागला. लक्ष्मम्मानं हाक मारली, “कवडू, इटु रा.”

इकडे ये, एवढाच त्याचा अर्थ. पण नाव ऐकून म्हाताऱ्यानं मान वर केली. पारबतानंही. मुलगा जागचा हलला नाही. म्हाताऱ्यानं हात पुढं केला आणि त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटी. मग काठी त्याच्या हातात दिली आणि मोकळा हात मांडीवर ठेवून बसला.

मॅजिस्ट्रेट वयानं मोठे होते आणि हैदराबादकडची हिंदी बोलायचे, त्यामुळं दुभाष्याची गरज पडली नाही. त्यांनी वॉरंट वाचलं, ओळखपत्र पाहिलं, आणि म्हणाले, “हा हुकूम मी बजावायचा तर आधी माझी खात्री पटली पाहिजे, की ज्याच्यावर हुकूम आहे तो हाच माणूस.”

पारबता पुढं झाली. हा माझा नवरा, तिनं सांगितलं. आवाज हलला नाही. काही खूण आहे का? तिनं सांगितलं, डाव्या पोटरीवर कुत्रं चावल्याचा व्रण. पोटरी पाहिली. तिथं व्रण होता, पण तो कोळशाच्या भुकटीनं निळा पडलेला होता. असे निळे व्रण खाणीतल्या प्रत्येकाच्या अंगावर असतात. लक्ष्मम्मानं पोलिसाला सांगितलेलं पुरावा धरत नाहीत, म्हणून मी फक्त पोराच्या नावाची गोष्ट साहेबांना सांगितली. त्यांनी लक्ष्मम्माला विचारलं. ती म्हणाली, आधीची दोन लेकरं गेली, म्हणून याला कवडीला विकत घेतला. साहेबांनी मान हलवली. त्यांच्याकडंही ही रीत होती.

मग त्यांनी म्हाताऱ्याला पुढं बोलावलं.

“बाबा, हा तुमचा मुलगा आहे का? नीट बघून सांगा.”

कवडू त्या माणसाच्या अगदी जवळ गेला. दोघांत हातभराचं अंतर होतं. शामराव समोर बघत नव्हता, त्याची नजर बापाच्या पायांवर होती. म्हातारा बराच वेळ उभा राहिला.

“नाई साहेब,” तो म्हणाला. “हा माहा पोरगा नाई.”

पारबतानं वळून त्याच्याकडं पाहिलं. “मामाजी,” एवढंच म्हणाली.

“मले कमी दिसते,” म्हातारा म्हणाला, “पन पोरगा वळखू येते. हा नोहे.”

साहेबांनी मग फार वेळ घेतला नाही. बायकोची चूक होऊ शकते, आशेनं माणूस भलत्याला आपला म्हणतो, पण बाप कशाला नाकारेल? ओळख पटली नाही म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही दुसरं काही करता आलं नसतं. लक्ष्मम्मानं मुलाच्या हातातली काठी घेतली, म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली, आणि ती माणसं निघून गेली. शामराव एकदाही मागं वळला नाही.

इन्स्पेक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, “एक मार्ग आहे. बाईनं खाणीच्या ऑफिसात अर्ज द्यावा, की हा खोट्या नावानं नोकरी करतो. चौकशी लागेल, आपोआप उघडा पडेल.”

मी पारबताला मराठीत समजावून सांगितलं. तिनं विचारलं, “मंग त्याची नोकरी राहीन का?”

“नाही राहणार.”

“नोकरी नाई त पोटगी कुठून देईन?”

कायदा त्याला राज्याची सीमा ओलांडून शोधू शकत होता, पण शोधल्याबरोबर ज्या रोजीतून द्यायचं तीच जात होती. न शोधावं तर तिच्या हाती काहीच नव्हतं.

परतीची गाडी धरली. मला वाटत होतं, राजुऱ्याला पोचल्यावर ही बाई म्हाताऱ्याला तिथंच सोडून एकटी घरी जाईल, आणि तिनं तसं केलं असतं तर तिला कोणी नाव ठेवलं नसतं. दुपार टळत आली होती. तिनं पिशवीतली भाकर काढली, अर्धी मोडली आणि त्याच्या हातात ठेवली. म्हातारा बराच वेळ तो तुकडा तसाच हातात धरून बसला होता.

पुढच्या तारखेला ती एकटी आली. तिचे वकीलसाहेब चिडले होते. म्हणाले, “पारबताबाई, कायद्यानं त्या म्हाताऱ्याला पोसायची जबाबदारी त्याच्या मुलाची आहे, सुनेची नाही. ज्यानं भर कोर्टात तुझा दावा बुडवला त्याला तू कशाला सांभाळतेस? काढ घराबाहेर.”

ती म्हणाली, “साहेब, त्याच्या पोरानं पोसाव म्हनता. पन त्यानंच त सांगतलं ना कोर्टात, हा माहा पोरगा नाई म्हनून. मंग आता बिनपोराच्या बुढ्यानं कोनाच्या दारात जाव?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर तिनं केसचा पाठपुरावा सोडला. मी निरोप पाठवला, की थकबाकीसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर मागचं सगळं बुडतं. ती आली नाही.

म्हातारा मला एकदा आठवडी बाजारात भेटला. सुनंदाचा हात धरून मिरच्यांच्या ढिगापाशी उभा होता. “जय भीम, जमादार” म्हणाला, पण आवाज पूर्वीचा नव्हता. मी सुनंदाला गोळ्या आणायला पाठवलं आणि त्याला विचारलं, “बुवा, दिसलं होतं ना तुम्हाला?”

“दिसलं,” तो म्हणाला. “नसतं दिसलं तरी वासानं वळखलं असतं.”

“मग काऊन नाही म्हणालात?”

त्यानं ढिगातली एक मिरची चाचपली. “त्या लहान्याचं तोंड हातानं पाह्यलं मी. मी हो म्हटलं असतं त त्याच्या बापाची नोकरी जात होती. ते लेकरू उपाशी मरत होतं.”

“आणि सुनंदा? ती नात नाही का?”

“हाये ना. म्हनूनच त झोप येत नाई.” मग म्हणाला, “जमादार, पारबता मले सोडनार नाई, हे मले मालूम होतं. ती तिकडची बाई मले वळखत बी नोती. जो सहन करन, त्याच्याच डोक्यावर ठेवलं म्या वझं.”

मी बरेच गुन्हेगार पाहिले. आपला गुन्हा इतक्या नेमक्या शब्दांत सांगणारा दुसरा भेटला नाही. सुनंदा गोळ्या घेऊन आली आणि ते दोघं गर्दीतून निघून गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात युसुफभाई पुन्हा ठाण्यात आला. या वेळी सायकल बाहेर लावून त्यानं आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, “खाणीत छत बसलं. राजय्या गेला.”

मी पलीकडच्या ठाण्यात चौकशी केली. बातमी खरी होती. लिंगय्याचा मुलगा राजय्या खाणीतल्या अपघातात मरण पावला. त्याची भरपाई त्याच नावानं झाली आणि कागदोपत्री बहीण असलेल्या लक्ष्मम्माकडं गेली, आणि तिच्या लेकरांकडं बघता ते चुकीचं म्हणवत नाही. आमच्या कोर्टात शामराव मात्र जिवंत राहिला. तो फरारी होता, आणि त्याच्या नावाचं वॉरंट बजावणीवाचून बाकी होतं. राजय्याच्या मरणाच्या दाखल्यावर शामरावची केस बंद करता येत नव्हती. दोघे एक नाहीत, असं एका कोर्टानंच ठरवलं होतं. पारबता कायद्यानं विधवासुद्धा होऊ शकत नव्हती.

तिला सांगायला मी स्वतः गेलो. ती बांधावर होती, रोवणी चालली होती. चिखलाचे हात तसेच ठेवून तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. बांधावर बसली आणि गवताची काडी मोडत राहिली. मग विचारलं, “मामाजीले कोनी सांगतलं?”

“नाही. तुला आधी सांगायला आलो.”

“त्याले सांगू नोका, भाऊ.”

“कधीतरी कळेलच.”

“कोन सांगन? त्याले वाटते, आपन नाई म्हटलं म्हनून पोरगा कामावर राह्यला, लेकरं खाऊन राह्यले. त्यावरच त जगून राह्यला तो.” काडी तिनं टाकून दिली. “हो म्हटलं असतं त ह्याले जेल झाली असती, नोकरी गेली असती, पन जिता त असता. हे त्याले समजलं त तो कसा जगन?”

मी कबूल केलं. युसुफभाईलाही ताकीद दिली. तो म्हणाला, “जमादार, मी तर तुमच्याशिवाय कोणाजवळ तोंडच उघडलं नाही.” त्यानं ते पाळलं.

माझी नंतर कुरखेड्याला बदली झाली. राजुऱ्याकडचं कोणी भेटलं की मी पारबताची खबर घ्यायचो. सुनंदा शाळेत जाते, म्हातारा आता पार आंधळा झाला, खाटेवरच असतो, सून उचलून बसवते, असं कळायचं. ती कपाळाला कुंकू लावत होती, हातभर हिरव्या बांगड्या घालत होती. आंधळ्या माणसाला कुंकू दिसत नाही, पण भाकर थापताना वाजणाऱ्या बांगड्या ऐकू येतात.

काही वर्षांनी म्हातारा गेला. मी त्या सुमारास सुटीवर राजुऱ्याला आलो होतो, म्हणून मातीला जाता आलं. बौद्ध मोहल्ल्यातली सगळी माणसं होती. आम्ही परत आलो तेव्हा पारबता विहिरीवर बसली होती. तिनं कपाळ पाण्यानं धुतलं, आणि मग एकेक करून बांगड्या काढून ठेवल्या.

तिथल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, “जमादार, सासऱ्यासाठी कोनी बांगड्या उतरवते का? नवरा त जिता हाये ना हिचा.”